न्हाणीघरातले मरण आणि मोबाइलमधले ज्ञान

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून आपण सरकारी दवाखान्यांची दशा, औषधांच्या किमती, खाजगी डॉक्टरांची मनमानी यांवर बोललो. त्या मानाने माझा विषय फार घरगुती वाटेल. मी आंघोळीबद्दल बोलणार आहे. आंघोळ करताना बायका का मरतात, आणि त्याबद्दल मोबाइलवर जे ज्ञान फिरते ते या मरणाच्या खऱ्या कारणांवर पांघरूण कसे घालते, हे मला आपल्यासमोर मांडायचे आहे.

आधी तो निरोप. व्हॉट्सॲपवर तो तुम्हा सगळ्यांना कधी ना कधी आला असेल. आशय असा की आंघोळीला सुरुवात करताना पाणी डोक्यावर घेऊ नये. आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर, पोटावर, खांद्यांवर आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर घ्यावे. नाहीतर रक्त एकदम डोक्याकडे धाव घेते, नस फुटते आणि पक्षाघात होतो. बहुतेक पक्षाघात न्हाणीघरात होतात ते याचमुळे. खाली परदेशातल्या कुठल्या तरी वैद्यकीय नियतकालिकाचा हवाला असतो, आणि शेवटी 'आपल्या माणसांचा जीव वाचवा, पुढे पाठवा' अशी विनंती. आपल्या बचत गटांच्या ग्रुपवर हा निरोप दर थंडीत येतो. पाठवणारी बाई वाईट हेतूने पाठवत नाही, काळजीनेच पाठवते.

पण तो खरा नाही. पक्षाघात म्हणजे मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद होणे किंवा फुटणे. त्याची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता ही त्याची कारणे. तंबाखूत आपल्या बायकांची मशेरीही आली. तांब्याभर पाणी आधी कुठे ओतले यावर मेंदूतली नस फुटणे अवलंबून नसते. मग न्हाणीघरात पक्षाघात होतो असे का वाटते? एक तर पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळी जास्त येतात, आणि आंघोळीची वेळही तीच. दुसरे म्हणजे स्वयंपाकघरात बाई पडली तर लगेच कोणी तरी धावते. न्हाणीत पडली तर आतून कडी असते. दार फोडावे लागते, चाळ गोळा होते, आणि ती घटना वर्षानुवर्षे सर्वांच्या लक्षात राहते.

जपानमध्ये थंडीच्या दिवसांत म्हातारी माणसे न्हाणीघरात दगावण्याचे प्रमाण मोठे आहे आणि तिथे त्याचा अभ्यासही झाला आहे. पण तिथली पद्धत खोल टबात गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसण्याची. थंड घरातून कढत पाण्यात आणि पुन्हा थंडीत असा तो फेरा असतो. आपली बादली-तांब्याची आंघोळ वेगळी. हृदयविकार किंवा जास्त रक्तदाब असलेल्या म्हाताऱ्या माणसाने कडाक्याच्या थंडीत एकदम गार पाणी अंगावर घेऊ नये, एवढी साधी काळजी पुरे.

कोणी म्हणेल, पाय आधी ओले केले तर बिघडले कुठे? पायांचे काही बिघडत नाही. बिघडते ते दुसरेच. आमच्या वस्तीतल्या एक मावशी रक्तदाबाची गोळी 'जरा बरे वाटते' म्हणून सोडून देतात, पण आंघोळीचा क्रम मात्र काटेकोरपणे पाळतात. पक्षाघात टाळल्याचे समाधान त्यांना फुकट मिळते आणि गोळीकडे दुर्लक्ष होते. मोबाइलवर दुसराही एक निरोप फिरतो, पक्षाघात झालेल्याच्या बोटांना सुई टोचून रक्त काढा असा. तोही खोटा, आणि जास्त घातक. तोंड वाकडे झाले, एक हात वर उचलत नाही, बोलणे अडखळते, यातले काहीही दिसले की तत्काळ मोठे रुग्णालय गाठायचे असते. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यातला अर्धा तास सुई शोधण्यात आणि तासभर तळवे चोळण्यात गेला, तर बाईचा हात-पाय कायमचा जातो.

माझा मुख्य आक्षेप याच्याही पुढचा आहे. हा निरोप न्हाणीघरातल्या मरणाचा दोष आंघोळ करणाऱ्याच्या माथी मारतो. ती चुकीच्या पद्धतीने न्हायली, म्हणून गेली! न्हाणीघर कसे आहे, त्याला झरोका आहे का, पाणी कशावर तापते, वीजजोडणी कोणी केली, घर कोणाच्या मालकीचे, यांतले काहीच मग विचारावे लागत नाही. आता तेच विचारू या.

गॅस गिझर

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून गॅसवर चालणारे छोटे गिझर घरोघर आले. विजेचे बिल वाचते, पाणी लगेच तापते, टाकी नको. ही सोय खरी आहे आणि बाईचे पाणी तापवण्याचे कष्ट तिने वाचवले, हेही खरे. पण हे यंत्र अनेक घरांत न्हाणीघराच्या आतच, दाराच्या वर किंवा नळाच्या बाजूला बसवलेले असते. गिझर म्हणजे पेटती शेगडीच. तिला जळायला हवा लागते. चार फूट बाय पाच फुटांची बंद खोली, आत पेटती शेगडी आणि श्वास घेणारे माणूस, दोघे त्याच हवेवर. काही मिनिटांत प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. इथे फार मोठा गैरसमज आहे. बायका सांगतात, "वास तर आला नाही, म्हणजे गॅस नव्हता." सिलिंडरच्या गॅसला जो वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. हा वायू गळतीतून येत नाही, गॅस जळण्यातून येतो. सिलिंडर ठीक, नळी ठीक, तरी तो तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. आधी डोके जड होते, गरगरते, मळमळते. आपण म्हणतो, पित्त झाले असेल, उपास घडला म्हणून असेल. मग पायांतले बळ जाते. कडी हातभर अंतरावर असते, पण उठता येत नाही आणि ओरडायचे भानही राहत नाही.

मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या सुमारास मुंबईत घाटकोपरला एक पतीपत्नी न्हाणीघरात मृत सापडली आणि गॅस गिझरचा संशय व्यक्त झाला, तेव्हा चार दिवस वर्तमानपत्रांत चर्चा झाली. पुढे सगळे थंडावले. पण दर हिवाळ्यात आतल्या पानावर अशी चार ओळींची बातमी असतेच. 'आंघोळीला गेलेल्या विवाहितेचा मृत्यू', 'गुदमरून तरुणीचा अंत'.

यात बाईला धोका जास्त का, याचा विचार आपणच करायला हवा. पुरुष पाच मिनिटांत आंघोळ उरकून बाहेर येतो. बाई त्याच बंद खोलीत केस धुते, पोरांना न्हाऊ घालते, दोन बादल्या कपडेही काढते. शिवाय झरोका. समोरच्या गॅलरीतून दिसते म्हणून, आणि आता मोबाइलच्या कॅमेऱ्याची भीती म्हणून, बायका झरोक्याला वर्तमानपत्र चिकटवतात, चिंध्या कोंबतात. मी वस्तीत पाहिलेल्या कितीतरी न्हाण्यांचे झरोके असे बुजवलेले होते. बघणाऱ्याच्या नजरेचा बंदोबस्त आपण करू शकलो नाही, म्हणून बाईने हवा बंद करून घेतली. तिच्या गुदमरण्याचे एक कारण इथेही आहे.

फेफरे की गॅस?

आमच्या कुटुंब सल्ला केंद्रात आलेली एक मुलगी मला इथे आठवते. लग्नाला आठ महिने झालेले. थंडीच्या दिवसांत महिन्याभरात दोनदा ती न्हाणीत बेशुद्ध पडली. दार तोडून काढली तेव्हा हातपाय झटकत होती. जवळच्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या सुरू केल्या. घरात मोबाइलवर व्हिडिओ पाहिले गेले. एकात सांगितले होते की पाळीच्या दिवसांत डोक्यावरून न्हायल्याने फेफरे येते, दुसऱ्यात फेफऱ्यावर जडीबुटीचा हमखास इलाज होता. सासूबाईंनी तिला पाळीत डोक्यावरून न्हायची बंदी केली. सासरे म्हणाले, हा रोग माहेरच्यांनी लपवला, आमची फसवणूक झाली. मुलीची पाठवणी माहेरी झाली आणि सोडचिठ्ठीची भाषा सुरू झाली.

माहेरी अडीच महिन्यांत तिला एकदाही काही झाले नाही. तिथे अंगणात बंबावर पाणी तापायचे. आमच्या सहकारी कार्यकर्तीने तिला एवढेच विचारले, "दोन्ही वेळा कुठे पडलीस? त्या दिवशी काय करत होतीस?" दोन्ही वेळा न्हाणीत, दोन्ही वेळा केस धुताना, दोन्ही वेळा गिझर चालू. घरी जाऊन पाहिले तर गिझर आत, झरोक्यावर कागद. नवऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, आंघोळीनंतर माझेही डोके दुखते. मग तिला सरकारी रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सगळी हकीकत नीट ऐकून घेतली, तपासण्या केल्या आणि हे गॅसमुळे झाले असण्याचीच शक्यता अधिक आहे, असे लेखी दिले. आपल्या देशातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून अशा रुग्णांबद्दल लिहिले आहे. न्हाणीत बेशुद्ध सापडलेल्या माणसावर फेफऱ्याचा शिक्का बसतो, आणि मूळ कारण भिंतीवर टांगलेलेच राहते.

गिझर बाहेर काढला गेला. मुलगी परत गेली, पण तिच्या अटींवर. तिला जायचे नसते तर आम्ही तिला धाडली नसती.

इथवर ऐकून बरे वाटते. मुलगी 'निर्दोष' सुटली. पण मैत्रिणींनो, तिला खरोखरच फेफरे असते तर? तर तिला टाकणे योग्य ठरले असते का? आपण तिची बाजू 'तिला रोग नाही' एवढ्यावरच मांडली, तर फेफरे असलेल्या दुसऱ्या मुलीला आपणच उघड्यावर टाकतो. म्हणून कायदा माहीत हवा. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके हा विवाहातला अडथळा मानला गेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. आज फेफरे आहे एवढ्याच कारणावरून विवाह रद्द होत नाही. आणि सासरच्या घरात राहण्याचा तिचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने मान्य केला आहे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढे म्हणून तिला बाहेर काढता येत नाही. फेफरे हा मेंदूचा आजार आहे, बहुतेकांचे झटके औषधांनी आटोक्यात राहतात, आणि त्यात ना पाप आहे ना बाहेरची बाधा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खूप गरम पाणी डोक्यावर ओतल्याने झटका येणारा फेफऱ्याचा एक प्रकार आहे. तो विशेष करून कर्नाटकात आणि दक्षिणेकडे आढळला आहे. अशा रुग्णाला डॉक्टर पाणी कोमट ठेवायला सांगतात आणि गरज पडली तर गोळ्या देतात. म्हणजे न्हाणीत पडलेल्या प्रत्येकीला गॅसच झाला असेही आपण घरबसल्या ठरवायचे नाही. आपण नीट हकीकत विचारायची, न्हाणी पाहायची, डॉक्टरांना सगळे सांगायचे. आणि ज्यांना फेफरे आहे त्यांनी आंघोळीला कडी लावू नये, बाहेर कोणाला तरी सांगून ठेवावे, खाली बसून तांब्याने न्हावे, नदी-विहिरीवर एकटीने जाऊ नये. कडी न लावता बिनघोर आंघोळ करता येईल असे घर तिला मिळणे, हीही तिच्या उपचारांतलीच गोष्ट आहे.

वीज, कढत पाणी आणि शेगडी

गॅस गिझर परवडत नाही तिथे बादलीत सोडायचा विजेचा रॉड असतो. दोन-चारशे रुपयांत मिळतो. भाड्याच्या खोल्यांत अर्थिंगचा पत्ता नसतो, प्लगची तिसरी पिन मोडलेली असते, बादली लोखंडी असते. पाणी तापले का पाहायला बाई ओल्या हाताने बोट बुडवते. नियम एकच: बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. बादली प्लॅस्टिकची असावी, पण रॉड तिला चिकटता कामा नये. गळती होताच वीज तोडणारे जे संरक्षक बटण मिळते, तीस मिलिॲम्पियरचे, ते बसवले तर जीव वाचतो. पण ते बसवायचे कोणी? घरमालकाने. हा खर्च भाडेकरूच्या बायकोने भिशीतून करायचा नाही.

कढत पाण्याचे भाजणे तर आपल्याला नित्याचे. साठ अंश तापमानाचे पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. चुलीवरचे पातेले उचलून न्हाणीपर्यंत नेताना पाय घसरतो, मध्ये पोर येते. बादलीत आधी गार पाणी घालावे, मग गरम. विजेचा गिझर असेल तर त्याची कळ पन्नास अंशांच्या वर नेऊ नये. आणि रांगते मूल घरात असेल तर भरलेली बादली उघडी ठेवू नये. वीतभर पाण्यातही मूल बुडते, आणि आवाजसुद्धा होत नाही.

आता बाळंतीण. आपल्याकडे बाळंतिणीला खाटेखाली शेगडी ठेवून शेक देतात, बाळाला ओवा-वेखंडाची धुरी देतात, वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. कोळसा अर्धवट जळतो तेव्हा तोच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गिझर नव्या जमान्याचा, शेगडी आजीच्या जमान्याची, विष एकच. शिवाय भाजण्याची भीती आणि बाळाच्या फुप्फुसांत जाणारा धूर. आता मोबाइलवर 'पारंपरिक बाळंतपण' नावाने याचे सुंदर व्हिडिओ येतात, मागे संगीत असते. बाळाच्या नाका-कानांत तेल घालायला सांगतात. नाकातले तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की जन्मानंतर निदान चोवीस तास बाळाला आंघोळ घालू नये, आईच्या अंगाशी उबेत ठेवावे. मालिश, ऊन पाणी, आईला विश्रांती यांत चांगले पुष्कळ आहे, ते ठेवू. बाळंतिणीच्या खोलीतून शेगडी मात्र जायला हवी. सासूबाईंशी हे बोलताना त्यांचा अपमान न करता बोलू या. चाळीस दिवस बाळंतिणीला जपणारे तेच एक माणूस घरात असते.

जुनी बंदी, नवा वेष

पाळीत केस धुवू नयेत, पाळीत गार पाण्याने आंघोळ केली तर रक्त आत साकळते, गर्भाशयाला गाठी येतात, मूल होत नाही. या निरोपांना वैद्यकशास्त्राचा काहीही आधार नाही. चौथ्या दिवशी न्हायचा जुना दंडक आता 'हार्मोन' आणि 'टॉक्सिन' असे शब्द घालून परत आला आहे. आजीने सांगितले तर मुली वाद घालतात. हसऱ्या चेहऱ्याच्या तरुणीने इंग्रजी शब्द पेरून तेच सांगितले की ऐकतात. पाळीत रोज स्वच्छ आंघोळ करावी, हवे तर केस धुवावेत, ऊन पाण्याने पोटाला आराम पडतो. बस्स.

त्याच्याच शेजारी बाजार उभा आहे. योनीमार्ग धुण्याची द्रावणे, वाफेचे प्रकार, 'शुद्धी'ची पाकिटे. योनीमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो. आत द्रावण घालून धुतल्याने तिथले उपकारक जंतू मरतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बाईचे शरीर मुळात घाण आहे, या जुन्या समजुतीवर आता कंपन्यांचा नफा चालतो.

या दाव्यांविरुद्ध कायदा आहे, तो वापरला पाहिजे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने पाळीच्या तक्रारी दूर करण्याच्या, वंध्यत्व, फेफरे, पक्षाघात बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीत मिरवणारी प्रसिद्ध व्यक्तीही त्यातून सुटत नाही. १९१५ या क्रमांकावर ग्राहक म्हणून तक्रार करता येते. व्हिडिओचे नाव, तारीख, पडद्याचे छायाचित्र जपून ठेवा. मात्र आत्याबाईंनी काळजीने पाठवलेल्या निरोपावर हा जाहिरातींचा कायदा चालत नाही. तिथे आपल्यालाच बोलावे लागेल.

'न्हाणीत पडली'

आणखी एक अवघड गोष्ट. ऐंशीच्या दशकात 'स्टोव्हचा भडका उडाला' हे वाक्य आपल्या आधीच्या कार्यकर्त्यांनी किती वेळा ऐकले! स्टोव्ह सासूवर कधी भडकत नाही, सुनेवरच कसा भडकतो, हा त्यांचा प्रश्न होता. आज 'न्हाणीत घसरून पडली', 'गिझरने गेली' ही वाक्ये ऐकू येतात. काही खरी असतात, काही नसतात. आपण दोन्ही बाजूंनी जागे राहायचे. खऱ्या अपघाताला खून म्हणायचे नाही आणि खुनाला अपघात म्हणून जाऊ द्यायचे नाही. लग्नाला सात वर्षे झाली नसताना बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर कायद्याने शवविच्छेदन आवश्यक आहे. त्यात रक्तातले कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण तपासण्याची मागणी लेखी करा. ती तपासणी खरे काय ते सांगू शकते. 'आता कशाला चिरफाड' म्हणून घाई करणाऱ्यांना थांबवा.

आपण काय करायचे

पहिले, आपापल्या वस्तीत न्हाण्यांची पाहणी. पाणी कशावर तापते, गिझर आत की बाहेर, झरोका उघडा की बुजवलेला, अर्थिंग आहे का, आणि मुळात न्हाणी आहे का? २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४२ टक्के घरांनाच छपराचे न्हाणीघर होते, १६ टक्क्यांना नुसता बिनछपराचा आडोसा, उरलेल्यांना तेही नाही. म्हणजे कोट्यवधी बायका पहाटे अंधारात, लुगड्यासकट न्हात होत्या. संडास मोजले गेले, त्यांसाठी मोहिमा झाल्या. बाईच्या आंघोळीची जागा कोण मोजते? ग्रामसभेत आणि नगरपालिकेत ही मागणी आपण मांडू.

दुसरे, गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. आतल्या गिझरला एक्झॉस्ट पंखा लावून भागत नाही. बाहेर काढेपर्यंत निदान बादली आधी भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडे ठेवून हवा खेळू द्या, आणि मगच आत जा. झरोक्यावर कागदाऐवजी तिरप्या पट्ट्या बसवा. आडोसाही राहतो, वाराही येतो. घरमालक ऐकत नसेल तर पाच-दहा भाडेकरणींनी मिळून लेखी मागणी करावी.

तिसरे, कोणी आत पडलेली असेल तर आधी दार उघडा, गिझर बंद करा, तिला मोकळ्या हवेत आणा, आणि आपणही आत थांबू नका. विजेचा संशय असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय तिला हात लावू नका. कांदा, चप्पल, तोंडात पाणी, यातले काही नको. १०८ ला फोन करा आणि 'गॅस गिझर' हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कोरोनाच्या वेळी घेतलेले बोटाला लावायचे यंत्र इथे फसवते. हा वायू चढलेल्या रक्तालाही ते चांगलेच आकडे दाखवते. साध्या हवेत निम्मा वायू रक्तातून जायला चार-पाच तास लागतात, पुरेसा ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून शुद्धीवर आली तरी दवाखान्यात न्याच.

चौथे, निरोपांबद्दल. आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोणी, कुठे, कधी म्हटले? यातून काही विकले जाते आहे का? आणि यात दोष कोणाच्या माथी मारला आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा 'बाईच्या' असे येत असेल तर तो निरोप तिथेच थांबवा. ग्रुपवर पाठवणारीला चारचौघींत खजील करू नका. तिला फोन करा, समजावून सांगा आणि खरी माहिती तिच्याच नावाने ग्रुपवर घालायला लावा. काळजी तिची खरीच असते, ती योग्य जागी लागली पाहिजे.

संक्रांतीचे हळदीकुंकू थंडीतच येते, आणि गिझरचे अपघातही थंडीतच होतात. या वर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा देण्याऐवजी प्रत्येकीच्या हाती ही माहिती छापलेला एक कागद द्यावा, अशी माझी सूचना आहे. मसुदा आपण आजच्या गटचर्चेत मिळून तयार करू. आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या निदान दहा न्हाण्यांची नोंद घेऊन यावे. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा.